लेखणीचा नेम

भूक लागण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, झोपही साधारण वेळेवरच येते. परंतु मनुष्याला होणाऱ्या इच्छांपैकी एक इच्छा अशी आहे, की तिला ना काळ, ना वेळ. ती म्हणजे लिहिण्याची इच्छा. ही ज्याला होते त्यालाच तिचे स्वरूप कळते. बाजारात भाजी घेता घेता एखादे वाक्य मनात उभे राहते आणि वांगी किती घेतली याचा हिशेब चुकतो. लग्नाच्या पंगतीत शेजारचे गृहस्थ मोठ्या आपुलकीने काही विचारत असतात. पण आपल्या कानावर त्यांचे शब्द न पडता, त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांचे वर्णन कोणत्या शब्दांत करावे हेच मनात घोळत असते. रात्री दिवा मालवावा, पांघरूण ओढून घ्यावे, आणि नेमक्या त्याच क्षणी दिवसभर दडून बसलेला विचार पायांत पाय घालून समोर येऊन बसावा, हा तर नित्याचाच अनुभव. अशा वेळी उठून लिहावे तर झोप जाते. न लिहावे तरीही झोप जाते.

मला ही इच्छा फार लहानपणापासून आहे. पुढे मराठी घेऊन एम. ए. झालो, शाळेत शिक्षक झालो, मुख्याध्यापक झालो, आणि २०१६ साली निवृत्त झालो. पण या सर्व काळात माझ्याबरोबर न चुकता राहिलेली अशी हीच एक सोबतीण. मी कोणी मोठा ग्रंथकार नव्हे. माझी दोन लहानशी पुस्तके आणि नियतकालिकांतून आलेले काही लेख एवढाच माझा संसार. तथापि इच्छेचा जोर आणि लेखकाची थोरवी यांचा संबंध असतोच असे नाही. लहान ओढ्यालाही पूर येतो, आणि त्या पुरात काठावरच्या घराची भिंत खचायची ती खचतेच.

शिक्षकाच्या आयुष्यात तर या इच्छेला जागा मिळणे मोठे कठीण. समोर साठ मुले बसलेली असतात, टेबलावर तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असतो, घरी आजारी आई असते, महिनाअखेरीचा हिशेब असतो. हे सारे बाजूला सारून लिहीत बसावे, असे मन म्हणते; आणि हे सारे बाजूला सारण्याचा आपल्याला अधिकार नाही, हेही मनच म्हणते. माझ्या तरुणपणी मला वडीलधाऱ्यांकडून दोन प्रकारचे उपदेश मिळाले. काही म्हणाले, “हा नाद सोडून द्या; शिक्षकाने शिकवावे.” काही म्हणाले, “प्रतिभेला बंधन नसते. मनात येईल तेव्हा लिहा, बाकीचे जग थांबेल.” दोन्ही सल्ले प्रेमाचेच होते. परंतु पहिला ऐकावा तर आतल्या आत कुचंबणा व्हावी, आणि दुसरा ऐकावा तर साठ मुलांचे नुकसान व्हावे. तिसरा मार्ग मला कोणत्याही पुस्तकात सापडला नाही. तो सापडला आमच्या विहिरीवर.

माझे बालपण सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात गेले. तो भाग कमी पावसाचा. आमच्या शेतात एक विहीर होती आणि तिच्यावर मोट चाले. आजच्या मुलांनी मोट पाहिली नसेल, म्हणून थोडे सांगतो. बैलांची जोडी धावेवरून खाली जाऊ लागली, की नाडा ताणला जाई आणि पाण्याने भरलेली चामड्याची मोट कुरकुरत वर येई. वर येताच ती थारोळ्यात रिकामी होई, आणि तिथून ते पाणी पाटाने वाहत शेताकडे निघे. बैल हाकणे हे वडिलांचे काम. माझ्याकडे दुसरे काम असे. त्याला आमच्याकडे ‘दारे धरणे’ म्हणतात. पाटातून आलेले पाणी एकेका वाफ्याला द्यायचे. एक वाफा भरला, की खोऱ्याने मातीचा बांध घालून त्याचे तोंड बंद करायचे आणि पुढच्या वाफ्याचे तोंड उघडायचे. काम दिसायला सोपे. परंतु त्यात डुलकी घेऊन चालत नसे. एका वाफ्यात पाणी साचून राहिले तर कांद्याची रोपे कुजत, आणि तेवढ्या वेळात शेवटच्या वाफ्यातली मेथी माना टाकी.

दारे धरणाऱ्याला पाणी निर्माण करता येत नाही. ते विहिरीत असते, आणि विहिरीत कोठून येते हे त्याला ठाऊकही नसते. त्याला पाणी अडवूनही धरता येत नाही. कारण मोट चालू असताना पाट सगळीकडून बंद केला, तर पाणी पाट फोडून भलत्याच ठिकाणी शिरते. त्याच्या हाती एवढेच असते, की आलेल्या पाण्याला वेळेवर वाट करून द्यावी आणि वेळेवर ती वळवावी. नोकरीला लागल्यावर लिहिण्याच्या इच्छेने जेव्हा मला फार सतावले, तेव्हा वडिलांच्या हाताखाली शिकलेले हे काम मला आठवले, आणि त्याच रीतीने मी माझ्या दिवसाची आखणी केली. त्या आखणीला मी ‘नेम’ म्हणतो. आमच्या घरात आईचे तुळशीला पाणी घालणे, वडिलांचे जनावरांना वैरण टाकणे, हे सारे नेमच होते. नेमाला कोणी बंधन म्हणत नसे. नेम पाळणारा माणूस तो आनंदानेच पाळी.

माझा पहिला नेम वेळेचा. पहाटे पाच ते सहा हा तास मी लेखणीला दिला. या तासात शाळा नसते, पाहुणे नसतात, शेजारचा रेडिओही झोपलेला असतो. हा तास आरंभापेक्षा शेवटाच्या बाबतीत अधिक कडक होता. आम्ही राहत होतो त्या गावी सकाळी सहा वाजता नळाला पाणी येई आणि ते अर्धा तासच टिके. त्यामुळे वाक्य अर्धे असो की शब्द अर्धा असो, सहाला उठून हंडे भरणे भाग असे. आरंभी याचा मला राग येई. पुढे ध्यानात आले, की अर्धे राहिलेले वाक्य दिवसभर आत कोठेतरी आपले काम करीत राहते, आणि दुसऱ्या दिवशी लेखणी उचलताच सुरुवात कोठून करावी हा प्रश्नच पडत नाही. पाट पूर्ण कोरडा पडू दिला, तर पुढच्या वेळी निम्मे पाणी पाटाची मातीच पिऊन टाकते. ओला पाट पाणी लवकर पोहोचवतो.

दुसरा नेम वहीचा. इच्छा पाचालाच येईल असे वचन तिने थोडेच दिले आहे! ती भूगोलाच्या तासाला, कधी संस्थेच्या बैठकीत, कधी बसच्या गर्दीत येई. तिच्यासाठी मी खिशात एक लहान वही ठेवू लागलो. एका बाजूस चक्रमुद्रित केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिकांचे पाठकोरे कागद कापावेत, मधोमध दोऱ्याने शिवावेत, की वही तयार. अवेळी आलेल्या विचाराचे त्या वहीत दोन-चार शब्द लिहावयाचे. त्याहून अधिक नाही. घरी आपण कामात असताना पाहुणा आला, तर आपण त्याला हाकलूनही देत नाही आणि हातातले काम टाकून त्याच्याशी गप्पाही मारत बसत नाही. त्याला बसायला पाट देतो, पाणी देतो, आणि ‘आलोच’ म्हणतो. या दोन-चार शब्दांचे काम तेच. आपली दखल घेतली गेली एवढे कळले, की विचारही शांतपणे वाट पाहतो. रात्री अंथरुणावर पडल्यानंतर येणाऱ्या विचारालाही हाच न्याय. उशाशी वही आणि शिसपेन्सिल. दोन शब्द लिहावेत आणि डोळे मिटावेत.

तिसरा नेम खणाचा. पहाटे लिहिलेला कागद मी त्याच दिवशी कोणाला दाखवत नाही. तो टेबलाच्या खणात ठेवतो आणि आठ दिवसांनी बाहेर काढतो. कैरीच्या फोडींना मीठमसाला लावल्याबरोबर कोणी लोणचे वाढत नाही. ते मुरावे लागते. लिहितानाच्या आवेशात प्रत्येक वाक्य सोन्याचे वाटते. आठ दिवसांनी त्यातील पितळ आपल्यालाच दिसते, आणि दुसऱ्या कोणी दाखवण्याच्या आत ते काढून टाकता येते. रागाच्या भरात लिहिलेल्या कागदाला तर खणासारखा वैद्य नाही. उरलेला मजकूर मग शाईने, स्वच्छ अक्षरात, पुन्हा एकदा लिहून काढावयाचा. हात जिथे अडखळतो तिथे वाक्यही अडखळत असते, हे अशा वेळी नेमके कळते.

लेखनाची शिस्त म्हणजे काही नवी गोष्ट नव्हे. समर्थ रामदासांनी दासबोधात एक अखंड समास लेखनक्रियेला वाहिला आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, शाई आणि बोरू कसे असावेत, येथपर्यंत त्यांनी बारकाईने सांगितले आहे. अध्यात्माच्या ग्रंथात बोरू आणि शाईला स्थान कशाला, असे एखाद्याला वाटेल. परंतु मनातल्या मोठ्या गोष्टीला कागदावर उतरण्यासाठी लहानलहान सवयींच्याच पायऱ्या लागतात, हे त्या समर्थांच्या दृष्टीतून सुटले नव्हते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. घड्याळ लावून लिहिलेल्या मजकुरात जीव कसा असेल? प्रतिभा ही काय कचेरीतली कारकून आहे? अँथनी ट्रॉलप नावाचा एक इंग्रज कादंबरीकार एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. तो टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे, समोर घड्याळ ठेवी, आणि दर पाव तासाला २५० शब्द लिहावयाचे असा त्याचा परिपाठ असे. मग तो कामावर जाई. अशा रीतीने त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, आणि त्यात त्याने ही सारी हकिकत प्रांजळपणे सांगितली. ती वाचून पुष्कळांनी नाके मुरडली. परंतु त्या कादंबऱ्या आजही वाचल्या जातात.

आक्षेप घेणारा म्हणेल, की हा झाला परदेशी हिशेबी माणूस. साने गुरुजींचे काय? १९३३ सालच्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, गुरुजींनी ‘श्यामची आई’ अवघ्या पाच दिवसांत लिहिली. तिथे कोठले घड्याळ आणि कोठला नेम? तिथे तर हृदय भरून आले आणि वाहू लागले. हे खरेच आहे. परंतु त्या पाच दिवसांच्या मागे काय होते, तेही पाहिले पाहिजे. त्यापूर्वी गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि वसतिगृहातील मुलांची देखभाल करीत होते. त्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे एक दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. छापखाना नाही, मदतनीस नाही. दिवसभराची शिकवणी आणि मुलांची उस्तवार सांभाळून हाताने लिहिलेले दैनिक! मुलांना कळेल अशा भाषेत, त्यांच्या मनाला भिडेल असे, नित्य लिहावयाचे, ही सवय त्या हाताला आधीच लागलेली होती. तुरुंगात जेव्हा आईच्या आठवणींना पूर आला, तेव्हा वाट तयार होती.

महात्मा गांधींचे उदाहरणही असेच आहे. १९०९ सालच्या नोव्हेंबरात इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना, ‘किल्डोनन कॅसल’ या आगबोटीवर त्यांनी ‘हिंद स्वराज्य’ हे पुस्तक दहा दिवसांत लिहिले. उजवा हात दुखू लागला, की ते डाव्या हाताने लिहीत. हस्तलिखिताची काही पाने डाव्या हाताची आहेत. लिहिण्याच्या इच्छेचा एवढा जोर क्वचितच पाहावयास मिळतो. परंतु १९०३ पासून निघत असलेल्या ‘इंडियन ओपिनियन’ या पत्रासाठी ते वर्षानुवर्षे नियमाने लिहीत आले होते, हेही विसरता कामा नये. पूर हा अकस्मात येतो खरा. पण तो सत्कारणी लागतो तो आधी खणलेल्या पाटांमुळेच.

आणि ज्यांना लिहिताच येत नाही, त्यांचे काय? खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. परंतु आतून उसळणारा शब्द त्यांना स्वस्थ बसू देत नसे. त्यांनी आपल्या गाण्यांना वाट दिली ती दळताना आणि शेतात राबताना. काम थांबवून त्यांनी गाणे रचले नाही, आणि कामापायी गाणे दाबूनही टाकले नाही. जात्याच्या फेऱ्याबरोबर शब्द येत गेले. घरातल्या माणसांनी त्यांतील काही टिपून ठेवले, आणि १९५१ साली त्यांचे निधन झाल्यावर, १९५२ मध्ये ती गाणी पुस्तकरूपाने महाराष्ट्रासमोर आली. रोजचे काम हा लेखनाचा शत्रूच असतो असे ज्याला वाटते, त्याने बहिणाबाईंचे जाते आठवावे.

आता माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. कारण नेमाचा खरा उपयोग कोणता, हे मला त्याच्याकडून शिकावयास मिळाले. १९८४ सालची ही गोष्ट. त्या वेळी मी आठवीचा वर्गशिक्षक होतो. गणित शिकवणारे आमचे सहकारी एके दिवशी तणतणत शिक्षकांच्या खोलीत आले आणि बीजगणिताची एक वही माझ्यापुढे ठेवून म्हणाले, “सर, हे पाहा तुमच्या मराठीचे प्रताप!” वहीच्या पहिल्या पाच पानांवर समीकरणे होती, पुढची सारी वही बारीक अक्षरांनी भरलेली होती. तो मुलगा गणिताच्या तासाला बाकाखाली वही धरून लिहीत असे. सहकाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. तो मुलगा गणितात नापास होण्याच्या बेतात होता.

मी ती पाने वाचली. मुलाचे वडील मुंबईच्या एका कापडगिरणीत कामाला होते. १९८२ सालच्या जानेवारीत गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यांतील हजारोंना अखेर गावाकडे परतावे लागले. हे गृहस्थही परतले होते. मुलाने लिहिले होते ते सारे वडिलांविषयी. वडील दिवसभर ओट्यावर बसतात. कोणाशी बोलत नाहीत. हाताची बोटे मात्र मधूनमधून अशी हलवतात, जणू तुटलेला धागा जोडीत आहेत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे ते निरीक्षण वाचून मी बराच वेळ स्तब्ध बसलो.

मी त्याला बोलावून घेतले. तो मान खाली घालून उभा राहिला. मी विचारले, “गणिताच्या तासालाच का लिहितोस?”

“तवाच येतंय, सर,” तो म्हणाला.

“संध्याकाळपर्यंत थांबव.”

“थांबत न्हाई. इसरून गेलं तर?”

मी त्याला माझ्या खिशातली वही दाखवली आणि तशीच एक शिवून दिली. सांगितले, की वर्गात येईल ते दोन शब्दांत इथे टाकायचे आणि फळ्याकडे पाहायचे. संध्याकाळी दिवेलागणीनंतर आधी गणिताची पाच उदाहरणे, मग एक पान लेखन. पान संपले, की वही बंद. रोज त्याच जागी, त्याच वेळी. त्याने मान डोलावली. पण त्याच्या चेहऱ्यावर विश्वास दिसला नाही. गणिताच्या सरांनी मात्र मोठ्या मनाने सहामाहीपर्यंत वाट पाहण्याचे कबूल केले.

सहामाहीत तो गणितात काठावर का होईना, पण उत्तीर्ण झाला. एवढेच झाले असते, तर ही गोष्ट मी आज सांगितली नसती. निकालानंतर त्याचे वडील स्वतः शाळेत आले. पांढरा सदरा, धोतर, डोक्याला टोपी. दाराशीच थांबून नमस्कार करीत म्हणाले, “गुरुजी, पोरगं रोज दिवा लागला की लिहाय बसतंय. म्या इचारलं, काय लिहितुयास? त्यानं वाचून दावलं. साचं लिहिलं हुतं, धोटा लिहिला हुता. भोंगा राहिला हुता. म्या सांगितलं.”

पुढे मुलाकडून कळले ते असे. भोंग्याचे सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला वडील ओट्यावरून उठून आपण होऊन आत आले आणि कंदिलाशेजारी बसले. त्या दिवशी त्यांनी साचेखात्यातला आवाज सांगितला. कानाला तोंड लावल्यावाचून बोललेले ऐकू येत नसे, म्हणून कामगार ओठांच्या हालचालींवरून एकमेकांचे बोलणे कसे ओळखत, ते सांगितले. तिसऱ्या दिवशी खोलीवरचे वीस जण पाळीपाळीने कसे झोपत ते सांगितले. दोन वर्षे न बोललेला माणूस रोज एक पान बोलू लागला. मुलगा मनात येईल तेव्हा, बाकाखाली लपून लिहीत होता, तोवर त्या लिहिण्याची घरात कोणाला वार्ताच नव्हती. त्याला जागा आणि वेळ ठरल्याबरोबर ते दुसऱ्याला दिसले. आणि दिसले म्हणून दुसऱ्याला त्यापाशी येऊन बसता आले.

तोपर्यंत नेम हा केवळ इच्छेला आवरण्यासाठी असतो, अशी माझी समजूत होती. त्या मुलाच्या वडिलांनी त्या समजुतीत भर घातली. ज्या विहिरीवर मोट केव्हा सुरू होते हे गावाला ठाऊक असते, तिथे पाणी भरायला शेजारची माणसेही येतात. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांच्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमाक्रमाने आली; आठवड्यामागून आठवडा लेखक लिहीत होता आणि घरोघरी लोक पुढच्या अंकाची वाट पाहत होते. लेखनाच्या नियमितपणाला असा एक सामाजिक अर्थही असतो. आपली इच्छा आपल्यापुरती, आपल्या लहरीपुरती राहत नाही. तिच्या वाटेकडे कोणाचे तरी डोळे लागतात.

तो विद्यार्थी आज प्रसिद्ध लेखक आहे असे सांगता आले असते, तर गोष्टीला शोभा आली असती. तसे नाही. तो एका सहकारी संस्थेत हिशेबनीस आहे. म्हणजे बीजगणिताच्या सरांचाही विजय झालाच म्हणावयाचा. परंतु दिवेलागणीचे एक पान त्याने सोडलेले नाही, आणि वडिलांनी सांगितलेल्या आठवणींच्या चार जाड वह्या त्याच्या घरी कापडात बांधून ठेवलेल्या आहेत. वडील आता हयात नाहीत. त्याची मुलगी त्या वह्या वाचते. मला वाटते, लेखनाचे सार्थक होण्यास एवढे पुरेसे आहे.

नेमाविषयी आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. इच्छा नेहमीच जोरात असते असे नाही. कधीकधी ती आटते. १९७२ च्या दुष्काळात आमच्या विहिरीचा तळ उघडा पडला होता. मोट केव्हाच सोडून ठेवली होती. तरीही वडील आठवड्यातून एकदा खोरे घेऊन शेतात जात आणि पाटातले गवत, दगडगोटे काढून टाकीत. मी विचारले, “दादा, पाणी न्हाई तर पाट कशाला साफ करायचा?” ते म्हणाले, “पानी आल्यावर पाट करत बसायला सवड नसती.” माझ्याही आयुष्यात असे कोरडे महिने आले. आई गेली त्या वर्षी तर पहाटेच्या तासाला कागदावर काहीच उतरत नसे. तरी मी पाचाला उठून टेबलाशी बसे, तारीख घाली, जुने कागद स्वच्छ अक्षरात उतरून काढी, नाहीतर आदल्या दिवशी पाहिलेल्या एखाद्या साध्या गोष्टीचे चार ओळींत वर्णन करी. एके पहाटे, ध्यानीमनी नसताना, आईच्या तुळशीपासून आरंभ झाला आणि सहा वाजेपर्यंत हात थांबला नाही. त्या दिवशी हंडे भरायला मला थोडा उशीर झाला; घरातल्यांनी त्याची तक्रार केली नाही.

निवृत्तीनंतर लोक म्हणतात, “आता काय, दिवसभर लिहा!” वेळ पुष्कळ आहे हे खरे. परंतु पाणी वाढले म्हणून दारे धरणाऱ्याचे काम कमी होत नाही, उलट वाढते. म्हणून आजही माझा तास पाच ते सहाच आहे. सहानंतर मी फिरावयास जातो, सातला चहाबरोबर आठ दिवसांपूर्वीचा कागद पत्नीला वाचून दाखवतो, आणि तिने ‘हे कळले नाही’ म्हटले, की ते वाक्य बदलतो. उरलेला दिवस माणसांचा. नातवंडांचा, शेजाऱ्यांचा, शंका घेऊन येणाऱ्या मुलांचा. लिहिण्यासारखे जे काही मला मिळते ते या माणसांतूनच मिळते. त्यांना दाराबाहेर ठेवून लिहीत बसलो, तर लिहावयाचे तरी कशाविषयी?

मुलांनो, तुमच्यापैकी सर्वांनाच लिहिण्याची ओढ असेल असे नाही. कोणाला चित्रांची असेल, कोणाला गाण्याची, कोणाला यंत्रे उघडून पाहण्याची. परंतु अशी एखादी ओढ तुमच्या मनात असेल, तर तिला भिऊ नका आणि तिच्या मागे आंधळेपणाने धावूही नका. तिला रोजची एक वेळ द्या, बसावयाला एक जागा द्या, आणि आपल्या अभ्यासाच्या व घरच्या कामाच्या रांगेत तिचेही एक नाव लिहा. ती अवेळी आली, तर तिचे दोन शब्द टिपून ठेवा. ती आली नाही, तरी ठरलेल्या वेळी तिच्यासाठी दार उघडून बसा. सुरुवातीला हा नेम तुम्ही सांभाळाल. काही वर्षांनी तो तुम्हांला सांभाळील.